रिकामा एंटर

आमच्या मशीन रूममध्ये नद्या तीन होत्या आणि पडदा एकच.

इंद्रायणी, पवना आणि मुळा. पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यातले तीन सर्व्हर, म्हणजे अनेकांनी एकाच वेळी वापरायचे संगणक, युनिक्स या प्रणालीवर चालणारे. ही नावं काकांनी दिलेली. काका म्हणजे आमच्या संगणक विभागातला सगळ्यांत जुना माणूस. हुद्दा सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटरचा, पण साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणायचे. मशीनचं नाव आठ अक्षरांत बसलं पाहिजे हा त्यांचा जुन्या दिवसांतला दंडक होता. त्यामुळे रोमन लिपीत लिहिताना इंद्रायणीचं शेवटचं अक्षर गाळलेलं होतं. बोलताना मात्र आम्ही पूर्ण नाव घ्यायचो, तेही घरच्या माणसासारखं. ‘पवना उठली का?’, ‘मुळा आज गप्प आहे’, असं.

मी तिथे लागले १९९६ साली. पवनेवर स्टोअर्स आणि उत्पादनाचं काम चाले, इंद्रायणीवर पगार आणि हिशेब. मुळा चाचणीसाठी होती. कारखान्यातले लोक आपापल्या जागेवरून या मशीनवर काम करायचे, पण मशीनचं स्वतःचं काही बिनसलं, तिला बंद करायचं असलं, उठवायचं असलं, की कन्सोलवर, म्हणजे थेट तिच्याशी बोलायच्या जागी, बसावं लागे. तिघींपैकी एकीलाही स्वतःचा पडदा नव्हता की कीबोर्ड. पाठीमागे एक सीरियल पोर्ट, म्हणजे एकामागून एक बिट ने-आण करणारं सॉकेट. त्याला टर्मिनल, म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड, जोडायचं आणि बोलायचं. आमच्याकडे टर्मिनल होतं एक. व्हीटी-२२० या मॉडेलसारखं चालणारं, पिवळ्या अक्षरांचं, कीबोर्डवरच्या काही कळांची अक्षरं पुसून गेलेलं.

ते एक टर्मिनल तीन मशीनना जोडायचं कसं? पहिल्याच आठवड्यात मी भाबडेपणाने काकांना विचारलं होतं, की तिन्हीच्या तारा एकत्र पिळून टर्मिनलला का नाही जोडत. त्यांनी उत्तर देण्याआधी मला एका स्टुलावर बसवलं, हातात मल्टिमीटर दिला आणि पवनेच्या पोर्टवरच्या पाठवणाऱ्या तारेचं व्होल्टेज मोजायला लावलं. उणे ११ च्या आसपास. मशीन काहीच बोलत नव्हती, तरी उणे ११.

‘गप्प बसणं म्हणजे शून्य नाही,’ काका म्हणाले. ‘गप्प बसलेली मशीनही तारेला खाली ओढून धरते.’

आरएस-२३२ हा अशा तारांवरून बोलण्याचा १९६० सालचा नियम. त्यात उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे एक, अधिक ३ ते अधिक १५ म्हणजे शून्य. काही बोलायचं नसेल तेव्हा तार उण्यात. आता तिघींच्या पाठवणाऱ्या तारा एकत्र बांधल्या आणि पवना बोलू लागली, तर ती तारेला वर ओढणार आणि बाकीच्या दोघी गप्प राहूनही खाली ओढणार. मधेच कुठेतरी अडकलेलं व्होल्टेज टर्मिनलला काय कळणार? पडद्यावर कचरा. उलट्या बाजूला मात्र एवढी अडचण नाही. टर्मिनलची एक तार दोन-तीन मशीनच्या कानांना दिली तर ताण पडतो, पण बहुतेक वेळा ऐकू जातं. काकांनी ते त्यांच्या पद्धतीने सांगितलं, ‘मंडपात ऐकणारे कितीही बसव. पण एका मंडपात तीन कीर्तनकार एकदम उभे करू नकोस.’ काका आळंदीला जाणारे, एकादशी पाळणारे. त्यांची बरीचशी इलेक्ट्रॉनिक्स मला अशीच समजली.

म्हणून मधे एक डबा होता. करड्या रंगाचा, पत्र्याचा. मागे पंचवीस पिनांची पाच सॉकेटं, चार मशीनसाठी आणि एक टर्मिनलसाठी. पुढे एक गोल खटका आणि त्याभोवती ए, बी, सी, डी. त्या काळी दोन-तीन कॉम्प्युटरांना एक प्रिंटर वाटून द्यायला कितीतरी ऑफिसांत हाच डबा असायचा. त्याला वीज लागत नाही. आत फक्त धातूच्या पट्ट्या, खटका फिरवला की त्या एका रांगेवरून दुसऱ्या रांगेवर सरकतात. पवना ए वर, इंद्रायणी बी वर, मुळा सी वर, डी रिकामी. खटका चांगलाच घट्ट होता, दोन बोटांनी फिरायचा नाही, मुठीत धरावा लागे. आणि बसताना जो ‘खट्ट’ व्हायचा तो मनगटापर्यंत जाणवायचा.

केबली काकांनी घरच्या घरी केलेल्या. टर्मिनलही बोलणारं आणि मशीनही बोलणारी, दोघांची पाठवणारी तार दोन नंबरच्या पिनवर आणि ऐकणारी तीन नंबरवर. सरळ केबल लावली तर तोंडाला तोंड आणि कानाला कान लागतो. म्हणून दोन तीनला, तीन दोनला, आणि सात सातला. तसली एक केबल त्यांनी माझ्याकडूनही डाग देऊन करून घेतली. त्या बारीक पेल्यासारख्या पिनेत कथील भरताना पहिल्यांदा शेजारची पिनही बुजली. त्यांनी ती माझ्या हातून चार वेळा उसवली. पाचव्यांदा जमली. ती केबल मुळेला लागली आणि मी कारखाना सोडला तोपर्यंत तिथेच होती.

हे सगळं शिकणं सोपं होतं. अवघड होतं ते वेगळंच, आणि ते माझ्या हातून एक चूक होईपर्यंत मला कळलं नाही.

खटका फिरवला की पडद्यावर काहीच होत नाही.

हे वाक्य वाचताना फार मोठं वाटणार नाही. पण ज्यांनी टर्मिनलवर काम केलंय त्यांना कळेल. टर्मिनलला स्वतःचं काही नसतं. ८० रकाने, २४ ओळी, म्हणजे १९२० अक्षरं, आणि त्यात शेवटी जे येऊन पडलं ते. तारेच्या दुसऱ्या टोकाला आता कोण आहे हे त्याला माहीत नसतं. तुम्ही सी वरून ए वर आलात, तुमचं बोलणं आता पवनेकडे जाणार, पण समोर अजून मुळेच्याच ओळी लखलखत असतात. मुळेचा प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञेची वाट पाहणारी खूण, मुळेच्या फायलींची यादी. नवी मशीन काही बोलेपर्यंत पडदा जुन्याच मशीनचा.

त्या संध्याकाळी मी मुळेवर काम करत होते. तिला नवा टेप ड्राइव्ह जोडायचा होता, त्यासाठी ती बंद करायला हवी होती. मधेच वाटलं, पवनेचा बॅकअप संपला का पाहावं. खटका ए वर नेला. एंटर दाबायच्या आत फोन वाजला. दहा-बारा मिनिटं गेली बोलण्यात. परत येऊन बसले तर समोर माझ्याच हातचं काम, जिथे सोडलं होतं तिथे. शेवटच्या ओळीत रूटचं, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचं, ते चौकटीचं चिन्ह. मी शांतपणे शटडाउनची आज्ञा दिली, पुन्हा विचारणा नको म्हणून तसा पर्यायही लावला, आणि एंटर दाबला.

पडद्यावर अक्षरं आली ती पवनेची होती.

संध्याकाळचे साडेसात. दुसरी पाळी चालू. स्टोअर्समध्ये माल काढायला माणसं उभी, आणि सगळ्यांचे पडदे एकदम गोठले. फोन वाजायला लागला तो थांबेचना. मशीन खाली जाणं, पुन्हा उठणं, डिस्क तपासून घेणं, यात अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात मी काय केलं ते मला आठवत नाही. काका काय करत होते ते आठवतं. ते स्टोअर्सला फोन करून प्रत्येकाला एकच सांगत होते, ‘आमच्याकडून झालंय, अर्धा तास द्या.’ त्यांनी कुणाकडून झालं ते सांगितलं नाही. साहेबांनाही नाही.

मशीन उठल्यावर ते माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, ‘अगं, खटका फिरवला की आधी रिकामा एंटर. काही लिहायचं नाही, नुसता एंटर. मग तिला विचार, तू कोण. तिने नाव सांगितलं की मग बोल.’

नाव विचारायची आज्ञा युनिक्समध्ये आहेच. यू नेम, उणे एन. मशीन उत्तरादाखल आपलं नाव छापते. त्या दिवसापासून मी खटका फिरवल्यावर रिकामा एंटर आणि ही आज्ञा, असं केल्याशिवाय एक अक्षर लिहिलं नाही. आणखी एक नेम काकांनी लावला. लॉगबुकात प्रत्येक नोंदीपुढे खटका कुठे आहे ते लिहायचं. ए, बी, सी. जाताना शेवटची नोंदही तीच, खटका अमक्यावर सोडला. मला तेव्हा ती शिक्षा वाटली होती. पुढे त्याच रकान्याने आम्हाला वाचवलं.

त्याआधी एक प्रसंग सांगायला हवा, तो छोटाच आहे. पगाराचं रन इंद्रायणीवर लावलेलं. ते चालताना प्रत्येक कामगाराचा नंबर पडद्यावर छापायचं. सेकंदाला ९६०० बिट या वेगाला सेकंदाला ९६० अक्षरं, म्हणजे अख्खा पडदा दोन सेकंदांत भरून वर सरकतो. एक नंबर नीट वाचायचा होता म्हणून मी कंट्रोल-एस दाबलं. टर्मिनलच्या भाषेत त्याचा अर्थ ‘थांब’, आणि कंट्रोल-क्यू म्हणजे ‘चल’. नंबर वहीत उतरवला, तेवढ्यात कुणी पवनेचं काही विचारलं, मी खटका फिरवला. रीतसर रिकामा एंटर, रीतसर नाव विचारलं, सगळं नियमाने. दोन तासांनी हिशेब विभागातून विचारणा आली, पगाराचं झालं का? बी वर येऊन बघते तर एकही नवा नंबर येईना. प्रोग्रॅमने जेवढं छापता येईल तेवढं छापून भांडं भरलं होतं आणि तो हात बांधून उभा होता. मी कंट्रोल-क्यू दाबलं. पावसाळ्यात धरणाचं दार उघडावं तसे नंबर धो धो वाहायला लागले.

काका मागे उभे होते. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘तिला थांब म्हणालीस आणि पाठ फिरवलीस. ती थांबली.’

हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिलं, कारण तेव्हा माझी मुलगी दीड वर्षांची होती.

पिंपरीहून लोकलने शिवाजीनगर, तिथून चालत घर. दार उघडून मी आत यायचे, चपला काढायचे, मुलीला उचलायचे, आणि डोळ्यांसमोर मात्र पवनेचाच पडदा. ती काही दाखवत असायची, मी ‘हो, हो’ म्हणत असायचे. सासूबाई हे पाहत असणार. त्यांनी एक केलं. मी आले की मुलीला माझ्याकडे लगेच द्यायच्या नाहीत. आधी चहाचा कप द्यायच्या आणि स्वतः तिला घेऊन गॅलरीत जायच्या. पाच मिनिटं कुणी काही विचारायचं नाही. कप रिकामा झाला की हाक मारायच्या. त्यांना युनिक्स माहीत नव्हतं आणि काकांना त्या कधी भेटल्या नव्हत्या.

आता तो लॉगबुकाचा रकाना.

पिंपरी-चिंचवडकडे गुरुवार हा लाइट जाण्याचा वार. १९९८ च्या उन्हाळ्यात लागोपाठ तीन गुरुवारी आमची एकेक मशीन मेली. मेली म्हणजे बंद नाही पडली, तिचे दिवे चालू, पंखे चालू, पण काम ठप्प. यूपीएस उत्तम होता, लाइट गेल्याचं मशीनला कळायलाही नको होतं. पहिल्या गुरुवारी पवना. दुसऱ्या गुरुवारी मुळा. तिसऱ्या गुरुवारी पुन्हा पवना. यूपीएसवाला आला, बॅटऱ्या तपासून गेला. अर्थिंग तपासलं, खड्ड्यात मीठ-कोळसा टाकून पाणी ओतलं. सॉफ्टवेअरवाल्यांनी मेमरीवर संशय घेतला. प्रत्येकाचा संशय रास्त होता. पण मेमरी खराब असेल तर एकाच मशीनची असेल, आणि यूपीएस खराब असेल तर तिघी एकदम जायला हव्यात. गुरुवारी एकच जाते आणि तीही कधी ही, कधी ती, असं का?

शुक्रवारी सकाळी मी लॉगबुक घेऊन बसले. पहिला गुरुवार, खटका ए वर सोडला. दुसरा, सी वर. तिसरा, ए वर. मी ती तीन पानं पुन्हा पुन्हा उलटली. ज्या मशीनवर खटका होता तीच मेली होती.

काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर सरकवला, पानं पाहिली आणि काही न बोलता टेबलाखाली वाकले. टर्मिनलची वायर धरून तिच्या मागे मागे भिंतीपर्यंत गेले. मशीन यूपीएसवर होत्या. टर्मिनल साध्या सॉकेटवर होतं, टेबल फॅनच्या शेजारी.

झालं होतं ते असं. सीरियल तारेवर एक अक्षर म्हणजे दहा बिट, ९६०० च्या वेगाला जेमतेम एक मिलिसेकंद. तार त्याहून जास्त वेळ सलग शून्यात राहिली, तर ते कुठलंच अक्षर होऊ शकत नाही. त्याला ब्रेक म्हणतात. आमच्या त्या सर्व्हरवर कन्सोलवरून ब्रेक आला तर त्याचा अर्थ होता, ‘मालक आला आहे, सगळं सोडून थांब.’ मशीन अडकली तर तिला ताब्यात घेण्यासाठी मुद्दाम ठेवलेली ती वाट होती आणि एरवी फार उपयोगाची. आता लाइट जाते, टर्मिनल विझतं. विझताना त्याची पाठवणारी तार क्षणभर भरकटते. खटका ज्या मशीनवर आहे तिला तो ब्रेक वाटतो. ती हातातलं काम तसंच धरून थांबते आणि आज्ञेची वाट पाहत बसते. ‘जी’ आणि ‘ओ’ ही दोनच अक्षरं लिहून एंटर दाबला असता तर जिथे होती तिथून पुढे चालू लागली असती. आम्ही मात्र लाइट आल्यावर घाईघाईने बटण दाबून तिला मुळापासून उठवत होतो. मधली कामं वाया घालवत होतो.

त्या दिवशी दोन गोष्टी झाल्या. टर्मिनल यूपीएसवर गेलं. आणि काम संपलं की खटका रिकाम्या डी वर सोडायचा, हा नेम लागला. नंतर गुरुवार पुष्कळ आले, मशीन गेली नाही. काकांनी लॉगबुकात त्या दिवसाची नोंद स्वतः लिहिली आणि शोध कुणी लावला तिथे माझं नाव घातलं. माझ्या अख्ख्या नोकरीतलं मला सगळ्यांत जपून ठेवावंसं वाटलेलं प्रमाणपत्र म्हणजे ती ओळ. लॉगबुक कारखान्याचं, ते तिथेच राहिलं.

पुढे मी या एका प्रश्नाच्या मागे लागले. एक माणूस, एक पडदा, अनेक मशीन. आणि लक्षात आलं की हा प्रश्न आमच्या त्या खोलीतला नव्हताच. १९६६ साली रॉबर्ट टेलर अमेरिकेच्या संरक्षण खात्यातल्या ‘आर्पा’ या संस्थेत संगणक विभाग पाहत होते. पेंटागॉनमध्ये त्यांच्या हाताशी तीन टर्मिनलं होती. एक सांता मोनिकाच्या संगणकाला जोडलेलं, एक बर्कलीच्या, एक एमआयटीच्या. तिन्हीकडे शिरायची रीत वेगळी, आज्ञा वेगळ्या, आणि एकाकडून उठून दुसऱ्याकडे जायचं तर खरोखरच खुर्ची सोडून उठायचं. टेलर यांना वाटलं, कुठेही जाता येईल असं एकच टर्मिनल का नसावं. त्यांनी आपले वरिष्ठ चार्ल्स हर्झफेल्ड यांच्याकडून पैसे मंजूर करून घेतले, आणि त्यातून आर्पानेट उभं राहिलं. आजच्या इंटरनेटचं ते मूळ. १९७१ साली त्या जाळ्यात टिप नावाचं यंत्र आलं, त्याला ६३ पर्यंत टर्मिनलं जोडता येत. टर्मिनलला आपला संगणक असण्याची गरज उरली नाही. जाळ्यात हात घालायचा आणि हवा तो गाठायचा. हे वाचलं तेव्हा मला आमचा पत्र्याचा डबा आठवला. टेलर यांच्याकडे पडदे तीन होते, आमच्याकडे एक. अडचण तीच.

आपल्याकडे हे सगळ्यांत मोठं घडलं ते रेल्वेच्या आरक्षणाच्या खिडकीवर. १९८५ साली दिल्लीत संगणकावर आरक्षण सुरू झालं, मग मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद. पाच केंद्रं, प्रत्येकाचा संगणक आपापला, आपल्या भागातल्या गाड्यांपुरता. १९९९ मध्ये ही पाचही जोडून झाली आणि खिडकीवरच्या त्याच टर्मिनलवरून कुठल्याही केंद्राची जागा काढता येऊ लागली. मी पुणे स्टेशनवर रांगेत उभी राहून काचेपलीकडचा तो पडदा टाचा उंचावून बघत असे. खिडकीवरच्या बाईंना खटका फिरवावा लागत नव्हता. कुठल्या गावच्या मशीनशी बोलतोय याचा विचारही करावा लागत नव्हता. तो सगळा विचार कुणीतरी आधीच करून ठेवला होता. रांगेतल्या कुणालाही त्याचं काही वाटत नव्हतं आणि मला तिथे उभ्या उभ्या भरून येत होतं.

खटक्याच्या जागी टर्मिनल सर्व्हर आले तेही मी पाहिले. डेक कंपनीचा डेकसर्व्हर एका प्रशिक्षणात हाताळायला मिळाला. आठ टर्मिनलं लागायची, एका टर्मिनलवरून अनेक मशीनशी एकाच वेळी संधान बांधता यायचं, एका कळीने इकडून तिकडे जायचं. पण तिथेही इकडून तिकडे गेलं की पडदा जुन्याचाच! मशीनला ‘पुन्हा रंगव’ असं सांगावं लागे. हा जुना काटा खऱ्या अर्थाने काढला तो ‘स्क्रीन’ नावाच्या एका छोट्या प्रोग्रॅमने. १९८७ साली बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात ऑलिव्हर लाउमान आणि कार्स्टन बोरमान यांनी तो लिहिला. प्रत्येक संवादाचा पडदा तो स्वतःजवळ जपून ठेवतो आणि तुम्ही परतलात की जसाच्या तसा समोर मांडतो. मला विचाराल तर संगणकाच्या इतिहासात या प्रोग्रॅमचं नाव जेवढं घ्यायला हवं तेवढं घेतलं जात नाही. मी पहिल्यांदा तो चालवला तेव्हा इकडून तिकडे वीसेक वेळा गेले असेन, नुसता पडदा बदलताना बघायला.

काका निवृत्त व्हायच्या आधीच्या वर्षी आम्ही तो डबा काढला. जुन्या पीसीवर युनिक्ससारखी चालणारी लिनक्स प्रणाली टाकली, आठ पोर्टांचं कार्ड बसवलं, तिन्ही मशीनच्या कन्सोलच्या तारा त्याला कायमच्या जोडल्या. आता खटका नाही. आणि एक नवी गोष्ट. मशीन कन्सोलवर जे काही बोलेल ते कुणी बसलेलं असो वा नसो, फायलीत उतरून राहणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा काका आधीच येऊन बसले होते. इंद्रायणीची रात्रभराची फाइल उघडून एकेक ओळ बोटाने वाचत होते. डिस्कच्या एका भागाला वाचताना पुन्हा प्रयत्न करावा लागतो, असं ती सांगत होती. दर काही मिनिटांनी. रात्री दोनला, तीनला, पहाटे पाचला. किती महिने सांगत होती कुणास ठाऊक. खटका दुसरीकडे असताना मशीन जे बोलते ते तारेच्या टोकाशी येऊन विरून जातं.

‘ही रात्रभर बोलत असते,’ काका म्हणाले. ‘मला माहीतच नव्हतं.’

त्यांचा आवाज मी तसा पूर्वी ऐकला नव्हता. आठवड्याच्या आत डिस्क बदलली.

भंगारात निघालेलं टर्मिनल आणि तो डबा मी रीतसर पैसे भरून घेतला. बरीच वर्षं माळ्यावर होता. गेल्या दिवाळीत भाच्याने खाली काढला. त्याच्याकडे दोन रास्पबेरी पाय, म्हणजे तळहातावर मावणारे संगणक, आहेत आणि त्याला ती टर्मिनलला लावायची होती. मी आधी त्याला मल्टिमीटर दिला. त्या चिमुकल्या बोर्डाची पिन ३.३ व्होल्टची, टर्मिनलची तार उणे ११ ते अधिक ११ अशी झेपावणारी. थेट लावली तर बोर्ड जळेल. मधे मॅक्स-३२३२ ची चिप हवी. ती दोन्हीकडची भाषा सांभाळते. मग त्याच्याकडून केबल करून घेतली. दोन तीनला, तीन दोनला. दोनदा उसवायला लावली.

‘मावशी, नावं काय देऊ?’ त्याने विचारलं. मी म्हटलं, तुझं तू ठरव. त्याने एकीला पवना ठेवलं, दुसरीला मुठा. तो कोथरूडचा.

पिवळी अक्षरं उमटली तेव्हा मी काकांना फोन लावला. ते आता चौऱ्याऐंशीचे आहेत, नातवाने मोठ्या अक्षरांचा मोबाइल घेऊन दिला आहे. कुणाचा फोन आहे ते नाव फोटोसकट पडद्यावर दिसतं. त्यांनी उचलला आणि नेहमीसारखंच आधी विचारलं,

‘कोण बोलतंय?’

मी नाव सांगितलं.

‘हां,’ काका म्हणाले. ‘आता बोल.’